हाजाचा दगड

"आई, लवकर ये! दगडावर बाबांचं नाव आहे!"

सोआ तेव्हा आठ वर्षांची होती. गाडी थांबल्याबरोबर ती टेकडीवर पळत सुटली. मी मागून धापा टाकत चढत होते आणि माझ्यामागे माझा नवरा हाजा, एका हातात माझी पर्स आणि दुसऱ्या हातात माझे सँडल घेऊन. त्या लाल मातीत माझा पाय सारखा घसरत होता, म्हणून मी ते काढून त्याच्याकडे दिले होते.

"आजोबांचं असेल गं," मी खालूनच ओरडले. "नीट वाच."

"नाही, बाबांचंच! पूर्ण आहे!"

वर त्यांच्या घराण्याची कबर होती. कबर म्हणजे एकट्यादुकट्याची नव्हे. अर्धी जमिनीत गेलेली दगडी खोली, आत ओटे, आणि त्या ओट्यांवर पिढ्यान्‌पिढ्यांची माणसं रेशमात गुंडाळून ठेवलेली. शेजारी गवतात एक दगड उभा होता. पुरुषभर उंच, नुकताच घडवलेला, छिन्नीचे घाव अजून पांढरे दिसत होते. मादागास्करमधली नावं आगगाडीसारखी लांबलचक असतात, त्यामुळे हाजाचं नाव तीन ओळींत बसवलं होतं. खाली त्याची जन्मतारीख. तारखेपुढे एक आडवी रेघ. रेघेपुढे घासून गुळगुळीत केलेली मोकळी जागा.

हाजाने वाचलं. मग तो हसला.

"आयला हेमे, आपण तर गेलो की वर!"

त्याचं मराठी कराडचं होतं. लग्नानंतर माझ्या आईने त्याला समोर बसवून शिकवलेलं, त्यामुळे पुण्यामुंबईच्या लोकांपुढे त्याने तोंड उघडलं की धमाल यायची. त्या दिवशी मला धमाल वाटली नाही.

"हा काय प्रकार आहे?"

"दगड हाय."

"ते दिसतंय मला. तुझा का?"

त्याने माझे सँडल खाली ठेवले आणि त्या मोकळ्या जागेवरून बोट फिरवलं, धूळ पुसावी तसं. सोआला मी हाताला धरून तिथून खाली आणलं. मला राग आला होता.

मी परराष्ट्र खात्यात होते. हाजा मला पॅरिसमध्ये भेटला. खात्याने मला तिथे फ्रेंच शिकायला पाठवलं होतं आणि तो पूल बांधायचं शिकत होता. आमच्याकडे तेव्हा परदेशी माणसाशी लग्न करायचं तर सरकारची परवानगी मागायची, अर्जाबरोबर आपला राजीनामाही जोडायचा, आणि परवानगी मिळालीच तर जोडीदाराने भारताचं नागरिकत्व घ्यायचं. म्हणजे स्वतःच्या देशाचं सोडायचं. हाजाने सोडलं. "दहा मिनिटांचं काम होतं," एवढंच तो मला म्हणाला होता. मग डाकार झालं, ब्रसेल्स झालं, वॉर्सा झालं. खोकी बांधा, खोकी सोडा. त्याने पूल एकही बांधला नाही, कारण वकिलातीतल्या बाईच्या नवऱ्याला बहुतेक देशांत नोकरी करता येत नाही. तो सोआचे डबे भरायचा, वकिलातीतल्या पोरांना गणित शिकवायचा, आणि नव्या गावात दुसऱ्याच दिवशी भाजीवाल्याशी दोस्ती करून यायचा. त्या वर्षी मला पहिल्यांदा राजदूत म्हणून नेमलं होतं, सुरीनामला. दक्षिण अमेरिकेत. हाजाच्या गावापासून त्याहून लांब जायचं म्हटलं तरी फारसं जमलं नसतं.

तेवढ्यात त्याच्या बहिणीचा, लांतोचा फोन आला. नेनीच्या स्वप्नात माझे सासरे येत होते. नेनी म्हणजे आई. माझ्या सासूला सगळं गाव नेनीच म्हणायचं. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती, मी त्यांना पाहिलंही नव्हतं. ते स्वप्नात येऊन म्हणत होते, मला थंडी वाजते. तिकडे मेलेलं माणूस असं म्हणालं की कबर उघडतात. त्याला बाहेर आणतात, नवं रेशीम गुंडाळतात, घरातल्या बातम्या सांगतात, वाजतगाजत नाचवतात आणि परत आत ठेवतात. ज्योतिषाने मुहूर्त काढला होता आणि एकुलता एक मुलगा यायलाच हवा होता.

दगडाचं लांतोने काही सांगितलं नव्हतं.

घरी पोचल्यावर मी थेट स्वयंपाकघरात गेले. नेनी तांदूळ निवडत बसली होती. आम्ही दोघी फ्रेंचमध्ये बोलायचो. तिचं फ्रेंच राजवटीतल्या शाळेतलं, माझं सरकारी खर्चाचं.

"नेनी, तो दगड काढायला सांगा."

"बस. पाय धुतलेस का?"

"सोआने वाचलंय ते! मला विचारतेय, बाबा मरणार आहेत का."

"मग काय सांगितलंस?"

"नेनी!"

तिने सूप बाजूला ठेवलं. "माझा मोठा भाऊ फ्रान्ससाठी लढायला गेला. परत आला नाही, देहही आला नाही. अशा माणसासाठी आम्ही दगड उभा करतो, म्हणजे त्याला यायला जागा होते. पण माझ्या आईने दगड करू दिला नाही. म्हणायची, तो जिवंत आहे. दगड होईपर्यंत तो रोज संध्याकाळी दारात येऊन उभा राहायचा. मी पाहिलाय त्याला. आत यायचा नाही, बसायचा नाही. शिपायाचा कोट होता अंगात, आणि ओला असायचा. मी लहान होते, मी विचारायचे, आई, ह्याला आत घे ना. आई दाराकडे पाठ करून बसायची. ती गेल्यावर मी पहिलं काम केलं ते दगडाचं. मग तो यायचा थांबला."

मी अशा गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. तरी माझी नजर दाराकडे गेली.

"हाजा जिवंत आहे," मी म्हणाले.

"आज आहे. उद्या तुम्ही कुठे असाल ते तुमचं सरकार ठरवणार. मी राहणार नाही. लांतो तिच्या नवऱ्याच्या घराण्याच्या कबरीत जाईल. मग माझ्या मुलाला दगड कोण करील? म्हणून मीच करून ठेवला."

"म्हणजे तुम्ही त्याला मारूनच टाकलंत."

"मी?" नेनीचा आवाज जराही चढला नाही. "पासपोर्ट परत करायला तो कचेरीत गेला तेव्हा मी बरोबर होते. बाहेर बाकावर बसले होते. सकाळी आत गेलेला माणूस दुपारी बाहेर आला. डोळे सुजले होते. म्हणाला, नेनी, आता मी इथला राहिलो नाही. तुला सांगितलं नाही त्याने?"

दहा मिनिटांचं काम.

"मी काढीन तो दगड," नेनी म्हणाली. "उद्या कबर उघडेल. मोठी माणसं बाहेर येतील. त्यांच्यासमोर तू शब्द दे, की हाजा कुठेही मेला तरी तू त्याला इथे आणशील. त्याचा बाप इथे आहे, आजा इथे आहे, त्याच्या शेजारची जागा रिकामी ठेवलीय."

"मी? हाजा का नाही?"

"मेलेला माणूस स्वतःहून येतो का, पोरी? नोकरी तुझी आहे. आणायचं तुलाच आहे."

"माझ्याकडून होईल तेवढा सर्व प्रयत्न—"

"तसं नको. हो म्हण, नाहीतर नाही म्हण."

मी उठून बाहेर आले. हाजा लाकडी सज्ज्यात उभा होता. तिथून ती टेकडी दिसायची आणि उतरत्या उन्हात तो दगड, एखादा माणूस वाट बघत उभा असावा तसा. मी हाजाला सगळं सांगितलं. कचेरीचं सांगितल्यावर तो डोकं खाजवायला लागला.

"दहा मिनिटं म्हणालास मला."

"सही करायला दहाच लागली की."

"हाजा, मी काय करू? माणसं घरी पाठवायचं काम मी केलंय. तुला ठाऊक आहे काय असतं ते."

त्याला पक्कं ठाऊक होतं. आपला माणूस परदेशात मेला की त्याला घरी पाठवायचं वकिलातीलाच बघावं लागतं. शवागार, डॉक्टरचा दाखला, शिक्का मारलेली शवपेटी, तीन देशांची परवानगी, विमानात जागा. कधी जमतं, कधी जमत नाही. कधी इतका उशीर होतो की घरच्यांना पेटी उघडू नका म्हणून सांगावं लागतं. वॉर्सात अशा प्रत्येक वेळी हाजा माझ्याबरोबर यायचा. खात्याचा माणूस नव्हता तो, पण मी शवागारात कागद भरत असताना बाकावर बसून राहायचा.

"तुला काय हवंय, ते तरी सांग," मी म्हणाले. "तुझी जागा आहे ती. तुला तिथे जायचंय ना?"

त्याने टेकडीकडे बोट केलं. "लहानपणी बाप मला न्यायचा तिथं. ही आजीची जागा, ही माझी, ही तुझी. मी आडवा पडून बघितलं होतं. गार होतं, पर चांगलं वाटलं."

"मग मी हो म्हणू?"

"उद्या बघू की गं. मला भूक लागलीय."

दुसऱ्या दिवशी सगळा गाव टेकडीवर होता. ताशे, तुतारीसारखी वाद्यं, भाताचे डोंगर, डुकराचं मटण, आणि रमच्या बाटल्या. मला वाटलं होतं रडारड असेल. लोक लग्नाला आल्यासारखे नटून आले होते. कबरीचं दार उकरून काढलं आणि आतून गार हवेचा झोत बाहेर आला. सोआ माझ्या कमरेला घट्ट चिकटली. पुरुष आत जाऊन एकेक गाठोडं खांद्यावर घेऊन बाहेर येऊ लागले, तशी लोकांनी नावं घेऊन हाका मारायला सुरुवात केली. जाऊन इतकी वर्षं झालेल्या माणसांना इतक्या मोठ्याने हाका मारलेल्या मी कधी ऐकल्या नव्हत्या.

बायका चटईवर ओळीने बसल्या होत्या. नेनीने मला तिच्या शेजारी बसवलं आणि सासऱ्यांना माझ्या मांडीवर ठेवलं.

काय सांगू, किती हलके होते ते. जुन्या रेशमाची माती झाली होती आणि आत काहीतरी थोडंसं, सुकलेल्या काटक्यांसारखं. राजेमहाराजांपुढे कसं उभं राहायचं ते मला शिकवलेलं होतं, ह्याचं कुणी शिकवलं नव्हतं.

"बोल त्यांच्याशी," नेनी म्हणाली. "ते तुला ओळखत नाहीत."

"कुठल्या भाषेत?"

"तुझ्या."

"नमस्कार," मी मराठीत म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. "मी हेमांगी. कराडची. तुमची सून. ही तुमची नात, सोआ. पहिली भेट आहे आपली, तर… तुम्हाला थंडी वाजत होती म्हणे." आणि तिथेच मला रडू फुटलं. कुणाचं रडू होतं ते, देव जाणे. माझे वडील मी डाकारला असताना गेले आणि मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं.

नेनीने आणि मी मिळून नवं पांढरं रेशीम गुंडाळलं. तिने गाठी मारल्या. मग तिने हात वर केला, ताशे थांबले आणि सगळे आमच्याकडे बघू लागले.

"आता सांग," ती मला म्हणाली.

मी ठरवलं होतं. रात्रभर विचार करून नव्हे, त्या क्षणी, ते हलकं ओझं मांडीवर घेऊन. आणीन म्हणायचं. विमान, पेटी, परवानगी, जे होईल ते होईल, ह्या माणसाने माझ्यासाठी सगळं सोडलंय, त्याला एवढी एक जागा मी मिळवून देईन. मी तोंड उघडलं.

तेवढ्यात हाजा गुडघ्यावर बसला आणि बापाच्या गाठोड्यावर हात ठेवून त्यांच्या भाषेत मोठ्याने बोलू लागला. मला फक्त माझं नाव कळलं. लोक कुजबुजले. एक म्हातारा उठून उभा राहिला. मागे बसलेल्या लांतोने माझा दंड इतका घट्ट धरला की तिची नखं रुतली.

"काय म्हणतोय?" मी विचारलं.

लांतो माझ्या कानाशी वाकली. "म्हणतो, बाबा, मी इथे येणार नाही. मी हिच्याबरोबर जिथे असेन तिथेच मला हिच्या लोकांच्या रीतीने निरोप द्या. म्हणतो, हिच्याकडून शब्द घेऊ नका. माझी जागा लांतोच्या मुलांना द्या."

"वेडा झालास का तू?" मी मराठीत ओरडले. "मी हो म्हणणार होते!"

"म्हाईत हाय. म्हणून तर आधी बोललो."

"पण का?"

"तो जालंधरचा पोरगा आठवतोय? त्याची पेटी विमानतळावर पडून होती. तू त्या कागदवाल्याला सर, सर करत होतीस आणि फोन ठेवून रडत होतीस. मी होतो सोबत."

"मग?"

"माझ्या पेटीच्या वेळी कोण असंल गं तुझ्यासोबत?"

इतक्या लोकांसमोर मी त्याच्या खांद्यावर एक गुद्दा घातला आणि मग तिथेच तोंड लपवलं.

नेनीने गाठ पुन्हा एकदा ओढून बघितली. तिचं तोंड एकदम म्हातारं दिसायला लागलं होतं. थोड्या वेळाने तिने मला विचारलं, "तुमच्यात काय करतात?"

"जाळतात, नेनी."

"सगळं?"

"थोडी हाडं राहतात. ती पाण्यात सोडतात."

"कुठल्या पाण्यात?"

"नदी, समुद्र. जे जवळ असेल ते."

तिने मान हलवली, समजल्यासारखी. मग म्हणाली, "आणि मला त्याला भेटायचं असेल तर मी कुठे जाऊ?"

मग ती उठली, नवऱ्याला उचलायला पुरुषांना खूण केली आणि ताशे पुन्हा सुरू झाले. जाताना लांतोला काहीतरी म्हणाली. लांतोने मला नंतर सांगितलं, "दगड राहू दे म्हणाली. आता लागेल."

आम्ही सुरीनामला गेलो. मोठं घर, झेंडा, बाग, नदीवरचं वारं. हाजाने भोजपुरी बोलणाऱ्या भाजीवालीशी पहिल्याच आठवड्यात मैत्री केली. मी मात्र सुखाने राहिले नाही. तो दाढी करत असला की मला आरशात त्याच्यामागे ती रेघ दिसायची आणि तिच्यापुढची गुळगुळीत जागा. तो खोकला तरी मी धावायचे. "अगं, दगड हाय तो, यम न्हाई," तो हसायचा. चौथ्या वर्षी एका दुपारी भेंडी चिरता चिरता तो खुर्चीतच कलंडला. डॉक्टर म्हणाले, हृदय. सुरी हातातच होती.

तिथले हिंदू समुद्रकिनारी दहन करतात. त्यांनीच सगळं केलं, मला एका कागदालाही हात लावू दिला नाही. भाजीवाली माझ्याजवळ बसून होती. अस्थी मी आणि सोआने समुद्रात सोडल्या. मग मी नेनीला फोन केला. तिने एवढंच विचारलं, "कुठे सोडलंस?"

"समुद्रात, नेनी."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला. लांतोने दगडावर तारीख कोरून घेतल्याचं नंतर कळवलं.

तिकडच्या पुढच्या थंडीत एका सकाळी लांतोचा फोन वकिलातीत आला. ती पूर्व किनाऱ्यावरच्या एका गावातून बोलत होती.

"नेनीला घेऊन आलेय. ऐकेचना. तिने जन्मात समुद्र पाहिला नव्हता. म्हणे दगडाला काय गुंडाळायचं? रेशीम विणून घेतलं, मला गाडीत घातलं. मी म्हटलं, नेनी, हा तो समुद्र नव्हे, मध्ये अख्खी आफ्रिका आहे. म्हणाली, पाणी आहे ना? मग पोचेल."

"मग?"

"गुडघाभर पाण्यात गेली. रेशीम पाण्यावर पसरलं आणि एक टोक धरून त्याच्याशी बोलत बसली. कुणाचं लग्न झालं, कुठली गाय व्याली, छप्पर कुणी शाकारलं. मी मागून धरलं होतं तिला. मग सोडलं तिने." लांतो रडत होती. "थांब, तिला बोलायचंय."

फोनमध्ये आधी नुसता लाटांचा आवाज आला.

"पोरी, रेशीम मोठं घेतलं होतं मी."

"हो, नेनी."

त्यांच्याकडे नवरा-बायको दोघंही गेले की पुष्कळदा एकाच वस्त्रात गुंडाळतात. ते मला तेव्हा माहीत होतं, तरी तिने सांगेपर्यंत माझ्या ध्यानात आलं नाही.

"दोघांना पुरेल एवढं आहे," नेनी म्हणाली. "तुझी वेळ आली की त्याला शोध. पण घाई करू नकोस हं. सोआचं लग्न व्हायचंय अजून."